हवाई युद्धाचा इतिहास आणि तथ्यांची पडताळणी : १९६५ च्या भारत-पाक युद्धाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांच्या चिकित्सेला पायाभूत महत्त्व आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील अभ्यासकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध करताना बखरीतील हकिगत आणि अस्सल पत्र यांच्यातील भेद ठामपणे मांडला. घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिलेली बखर आणि घटनेच्या वेळी व्यवहाराच्या गरजेतून लिहिले गेलेले पत्र यांची किंमत सारखी नसते, हा धडा मराठी इतिहाससंशोधनाने लवकर आत्मसात केला. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेधे शकावलीसारख्या एका साधनामुळे शिवजन्माच्या रूढ तिथीचा पुनर्विचार करावा लागला, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

मात्र विसाव्या शतकातील लष्करी इतिहास, विशेषतः हवाई युद्धाचा इतिहास, लिहिताना हीच चिकित्सक दृष्टी अनेकदा बाजूला पडते. यंत्रयुगातील युद्धाची नोंद यंत्रांनीच केलेली असणार, घड्याळ, कॅमेरा आणि रडार असल्यावर चुकीला वाव राहिला नसणार, असा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आकाशातील लढाई काही सेकंदांत घडते, ती पाहणारे थोडे असतात, त्यांच्यापैकी काही परत येत नाहीत आणि तिचे अवशेष पुष्कळदा शत्रूच्या भूमीवर पडतात. त्यामुळे हवाई युद्धाच्या पहिल्या हकिगती स्वभावतः बखरीच्या जवळ जाणाऱ्या असतात.

प्रस्तुत लेखात हवाई युद्धातील दाव्यांमध्ये चूक का शिरते, ती कशी तपासता येते आणि अशी तपासणी कोणाच्या हिताची असते, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. त्यासाठी १९४० मधील ब्रिटनच्या लढाईचा संक्षेपाने आणि १९६५ च्या भारत-पाक हवाई युद्धाचा काहीशा विस्ताराने आधार घेतला आहे. तथ्यांची पडताळणी केल्याने पराक्रमाला उणेपणा येतो, ही समजूत कितपत खरी आहे, हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

दावा आणि हानी : ब्रिटनच्या लढाईचा धडा

१५ सप्टेंबर १९४० हा दिवस ब्रिटनमध्ये आजही ब्रिटनच्या लढाईचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी लंडनवर आलेल्या जर्मन विमानांपैकी १८५ विमाने पाडल्याचे ब्रिटिशांनी जाहीर केले. युद्ध संपल्यानंतर जर्मन हवाई दलाची हानीची कागदपत्रे दोस्त राष्ट्रांच्या हाती आली आणि १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांवर आधारित आकडे प्रसिद्ध केले. त्या दिवसाची खरी जर्मन हानी सुमारे ६० विमानांची होती, म्हणजे जाहीर केलेल्या संख्येच्या एक-तृतीयांश इतकी! संपूर्ण लढाईच्या बाबतीतही हाच प्रकार आढळला. ब्रिटिशांचा एकूण दावा सुमारे २,७०० विमानांचा होता. जर्मन नोंदींवरून निघालेला आकडा १,७३३ होता. जर्मनांचा दावा तर तीन हजारांहून अधिक विमानांचा होता आणि ब्रिटिशांची अधिकृत हानी होती ९१५.

या तफावतीचे स्पष्टीकरण केवळ 'प्रचार' या एका शब्दाने होत नाही. प्रचाराचा हेतू नाकारता येत नसला, तरी बहुसंख्य वैमानिकांनी आपले अहवाल प्रामाणिकपणेच लिहिले होते. चुकीची मुळे लढाईच्या स्वरूपातच होती.

पहिले कारण म्हणजे एकाच विमानाची अनेकदा झालेली गणना. १५ सप्टेंबरलाच एक जर्मन डॉर्नियर बॉम्बफेकी विमान लंडनच्या व्हिक्टोरिया रेल्वे स्थानकाच्या आवारात कोसळले. दारूगोळा संपलेल्या रे होम्स या वैमानिकाने आपले हरिकेन विमान त्याच्यावर आदळवून बकिंगहॅम राजवाडा वाचविला, अशी कथा त्यातून रूढ झाली. प्रत्यक्षात त्या विमानावर आधी अनेक लढाऊ विमानांनी गोळीबार केला होता. अशा प्रसंगी प्रत्येक वैमानिकाने आपल्या गोळ्या लागताना आणि नंतर विमान कोसळताना पाहिलेले असते. प्रत्येकाचे निवेदन खरे असते. बेरीज मात्र खोटी ठरते.

दुसरे कारण दृष्टिभ्रमाचे आहे. जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमान निसटण्यासाठी एकदम खाली सूर मारी, तेव्हा त्याच्या इंजिनातून काळा धूर निघे. वरून पाहणाऱ्यास ते पेटून पडत असल्याचा भास होई. ढगांच्या थराखाली गेल्यावर ते सरळ होऊन घरी परतले, हे पाहणारा कोणी नसे. दृष्टिभ्रमाचे याहून बोलके उदाहरण 'हाइंकेल ११३' या विमानाचे आहे. काही मोजकी विमाने निरनिराळ्या रंगांत रंगवून, त्यांची छायाचित्रे काढून जर्मन प्रचारयंत्रणेने हे नवे लढाऊ विमान दाखल झाल्याची हूल उठविली होती. अशा नावाचे विमान सेवेत कधीच नव्हते. तरीही १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी त्याच्याशी लढल्याचे अहवाल दिले. जे अपेक्षित असते ते दिसते, ही मानवी मनाची सवय प्रशिक्षित डोळ्यांनाही चुकत नाही.

तिसरे कारण व्याख्येचे आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पद्धतीत 'नष्ट' केलेले विमान आणि 'नियंत्रण सुटून खाली गेलेले' विमान हे दोन्ही वैमानिकाच्या खात्यावर विजय म्हणून जमा होत. जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा-चौदा दिवसांत दहा विजय मिळविणारे आणि २२ जुलैला धारातीर्थी पडलेले इंद्रलाल रॉय यांच्या विजयांतही हे दोन्ही प्रकार आहेत आणि काही विजय सहकाऱ्यांसमवेत विभागून मिळालेले आहेत. याचा अर्थ त्यांचे कर्तृत्व कमी होते असा नव्हे. 'दहा विजय' म्हणजे 'शत्रूची दहा विमाने नष्ट' असे भाषांतर करणे मात्र चुकीचे आहे. हानीच्या नोंदींनाही हाच नियम लागू पडतो. जर्मन हवाई दल विमानाचे नुकसान टक्केवारीत नोंदवी आणि ६० टक्क्यांहून अधिक नुकसान झालेले विमान निकामी मानले जाई. अपघातात मोडलेले, दुरुस्त होऊन पुन्हा उडालेले आणि तळावर उभे असता जळालेले विमान कोणत्या रकान्यात घालायचे, हे ठरविल्याशिवाय दोन देशांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

'उद्ध्वस्त' या शब्दाचीही हीच कथा आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या मोहिमेत भारतीय हवाई दलाने दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्बहल्ला केला. हल्ला यशस्वी होता. धावपट्टीवर खड्डे पडले. तथापि तळावरील दोन मोठी वाहतूक विमाने त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून उड्डाण करून निसटली. धावपट्टीवर झालेला मारा आणि धावपट्टी निरुपयोगी होणे ही दोन भिन्न तथ्ये आहेत आणि ती दोन्ही नोंदविणारा इतिहासच पूर्ण ठरतो.

१९६५ चे हवाई युद्ध : दोन परस्परविरोधी बखरी

ब्रिटनच्या लढाईत पराभूत पक्षाची कागदपत्रे विजेत्याच्या हाती आली, म्हणून पडताळणी शक्य झाली. १९६५ च्या भारत-पाक युद्धात तसे घडले नाही. युद्धविराम झाला, दोन्ही देशांची दप्तरे बंद राहिली आणि दोन्हीकडे स्वतंत्र गौरवकथा तयार झाल्या. परस्परांची विमाने पाडल्याचे दावे प्रतिपक्षाच्या कबुलीपेक्षा कित्येक पटींनी मोठे होते. भारताच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत होती. पठाणकोट आणि कलाईकुंडा या तळांवर जमिनीवरच नष्ट झालेल्या विमानांचा एकूण हानीत मोठा वाटा होता आणि त्याविषयी दीर्घकाळ मोकळेपणाने लिहिले गेले नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये तयार केला, परंतु तो मर्यादित वापरापुरता ठेवण्यात आला. पुढे तो वृत्तपत्राद्वारे अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि ग्रंथरूपाने २०११ मध्ये प्रकाशित झाला. दरम्यान २००५ मध्ये पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांचा १९६५ च्या हवाई युद्धावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंची प्रकाशित माहिती, वैमानिकांच्या मुलाखती आणि उपलब्ध नोंदी समोरासमोर ठेवून प्रत्येक उड्डाणाचा मागोवा घेण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. पाकिस्तानी बाजूनेही निवृत्त हवाई दल अधिकारी कैसर तुफैल यांनी भारतीय साधनांचा उपयोग करून लेखन केले. या लेखनामुळे आज काही घटनांविषयी बऱ्याच निश्चितपणे बोलता येते. त्यांपैकी तीन घटना पडताळणीच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिली घटना ३ सप्टेंबर १९६५ ची आहे. छांब भागावर झालेल्या चकमकीत स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी आपल्या छोट्या नॅट विमानाने एक पाकिस्तानी सेबर पाडल्याचे जाहीर झाले. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा आकाशातील तो पहिला विजय मानला गेला आणि कीलर यांना वीरचक्र मिळाले. पाकिस्तानी बाजूच्या वृत्तांतानुसार फ्लाइट लेफ्टनंट युसूफ अली खान यांच्या सेबरला गंभीर इजा झाली, परंतु त्यांनी ते विमान तळावर परत नेले. हा वृत्तांत स्वीकारल्यास 'पाडले' या शब्दाऐवजी 'जबर नुकसान केले' असे म्हणावे लागते. पण त्यामुळे काय गमावले जाते? अधिक नावाजलेल्या सेबरला नॅट तोंड देऊ शकते, हे त्या सकाळी सिद्ध झाले, भारतीय वैमानिकांचा आत्मविश्वास वाढला आणि पुढील चकमकींवर त्याचा परिणाम झाला, ही वस्तुस्थिती अबाधितच राहते.

त्याच दिवशी भारताचे एक नॅट विमान पाकिस्तानातील पसरूर येथील धावपट्टीवर उतरले आणि स्क्वाड्रन लीडर ब्रिजपालसिंग सिकंद युद्धकैदी झाले. ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्यामुळे विमान उतरले याविषयी वाद संभवत नाही. वाद आहे तो कारणाविषयी. पाकिस्तानी स्टारफायटरला पाहून वैमानिकाने शरणागती पत्करली, असे एक बाजू सांगते. तुकडीपासून वेगळे पडलेले, इंधन संपत आलेले विमान भारतीय तळ समजून चुकून तेथे उतरविले गेले, असे दुसरी बाजू सांगते. भौतिक पुरावा 'काय घडले' हे सिद्ध करतो. 'का घडले' हे तो आपोआप सिद्ध करीत नाही. संग्रहालयातील फलकावरचा मजकूर आणि संग्रहालयातील वस्तू यांचे प्रामाण्य वेगवेगळे मानले पाहिजे.

दुसरी घटना ७ सप्टेंबरची, सरगोध्याच्या परिसरातील आहे. पाकिस्तानी स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांनी एका मिनिटापेक्षा कमी अवधीत पाच भारतीय हंटर विमाने पाडल्याचा दावा त्या देशात दीर्घकाळ निर्विवाद मानला गेला. भारतीय नोंदींनुसार त्यांची ज्या हंटर तुकडीशी गाठ पडली तिच्यातील स्क्वाड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार हे दोन वैमानिक परतले नाहीत. त्याच दिवशी युद्धकैदी झालेले स्क्वाड्रन लीडर कक्कर हे वेगळ्या स्क्वाड्रनच्या तुकडीत होते आणि भारतीय मांडणीप्रमाणे त्यांचे विमान इंजिनातील बिघाडामुळे पडले. एका दिवसाची, अनेक तुकड्यांची हानी एकत्र केली, तर संख्या वाढते. एका चकमकीपुरते पाहिले, तर ती पाचपर्यंत पोहोचत नाही. येथेही आलम यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. वेगवान विमानांच्या चकमकीत दोन विमाने पाडणे ही असामान्य कामगिरी होय. अतिशयोक्त आकड्याने ती कामगिरी मोठी झाली नाही. उलट तिच्यातील खरा भागही वादात सापडला.

शत्रूच्या साक्षीने उजळलेला पराक्रम

तिसरी घटना त्याच ७ सप्टेंबरच्या पहाटेची आहे आणि तथ्यपडताळणीचे महत्त्व तिच्याइतके दुसऱ्या कोणत्याही घटनेने स्पष्ट होत नाही.

आदमपूर तळावरील पहिल्या स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर विमाने विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली सरगोध्यावर हल्ला करण्यासाठी निघाली. मूळचे कोडगू येथील स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे राखीव वैमानिक होते. एखादे विमान गळाल्यास त्याची जागा घ्यावी, एवढीच त्यांची भूमिका होती. ते तुकडीत सामील झाले आणि परत आले नाहीत. त्यांचे काय झाले, हे भारतीय बाजूस कळले नाही. तुकडीतील कोणीही त्यांची अखेरची झुंज पाहिलेली नव्हती. नोंदीत ते 'बेपत्ता' ठरले. शौर्यपदकासाठी प्रत्यक्षदर्शी साक्ष लागते आणि ती देणारा आपल्या बाजूस कोणी नव्हता.

१९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचा या हवाई युद्धावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेला आणि त्या दलाविषयी उघड सहानुभूती बाळगणारा हा ग्रंथ होता. भारतात त्याचे स्वागत होण्यासारखी परिस्थिती नव्हती. परंतु त्यातच असा वृत्तांत आला की, सरगोध्याच्या परिसरात फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाची एका मिस्टेअरशी झटापट झाली, त्या मिस्टेअरने मारा सहन करूनही उलट गोळीबार केला आणि अखेर स्टारफायटर पडून अमजद हुसेन यांना हवाई छत्रीने उडी घ्यावी लागली. स्टारफायटर हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकणारे विमान होते. मिस्टेअर त्याच्या निम्म्या वेगाचे, मागच्या पिढीतले विमान होते. अशा लढतीत मिस्टेअरने प्रतिस्पर्ध्यास पाडणे ही जवळजवळ अविश्वसनीय गोष्ट होती.

त्या दिवशी, त्या वेळी, त्या परिसरात न परतलेले मिस्टेअर कोणते होते? भारतीय नोंदी या प्रश्नाचे एकच उत्तर देत होत्या. तुकडीतील अन्य विमानांचा हिशेब लागत होता. शत्रूच्या बाजूचा वृत्तांत आणि आपल्या बाजूची उड्डाण नोंद एकमेकांशेजारी ठेवल्याबरोबर तेवीस वर्षे कोरी राहिलेली जागा भरली गेली. तनेजा यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये देवय्या यांना मरणोत्तर महावीरचक्र प्रदान करण्यात आले.

या प्रकरणाचा पद्धतिशास्त्रीय अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. फ्रिकर यांचा ग्रंथ 'शत्रूपक्षाचा' म्हणून वाचलाच नसता, तर देवय्या बेपत्ताच राहिले असते. उलट त्या ग्रंथातील प्रत्येक विधान जसेच्या तसे स्वीकारले असते, तर अन्य ठिकाणी पाकिस्तानी अतिशयोक्ती भारतीय इतिहासात शिरली असती. साधन पक्षपाती आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. पक्षपाती लेखक जेव्हा स्वतःच्या बाजूची हानी मान्य करतो, तेव्हा त्याचे ते विधान विशेष मोलाचे असते. जेव्हा प्रतिपक्षाची हानी मोजतो, तेव्हा ते अधिक काटेकोरपणे तपासावे लागते. साधनचिकित्सेचा हा जुनाच नियम येथे एका वीराला न्याय देऊन गेला.

२०२५ मध्ये या घटनेवर आधारित, नावे बदललेला हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटाला कल्पनेचे स्वातंत्र्य असते आणि ते मान्यच केले पाहिजे. पण यापुढील अनेक विद्यार्थ्यांची या घटनेशी पहिली ओळख पडद्यावरूनच होणार असल्याने, कथा आणि नोंद यांतील अंतर दाखविण्याची जबाबदारी वर्गातील अध्यापकावर येते.

पडताळणीची पद्धती

वरील विवेचनावरून हवाई युद्धातील एखाद्या घटनेची पडताळणी कोणत्या टप्प्यांनी करावी, याची रूपरेषा मांडता येते.

१) काळ व स्थळ यांची निश्चिती : दोन्ही देशांच्या घड्याळांतील फरक हा वरवर क्षुल्लक परंतु वारंवार दिशाभूल करणारा घटक आहे. १९६५ मध्ये पश्चिम पाकिस्तानची प्रमाणवेळ भारतीय वेळेच्या अर्धा तास मागे होती, तर ढाक्याची वेळ अर्धा तास पुढे होती. हा फरक न जुळविल्यास एकच चकमक दोन चकमकी म्हणून नोंदविली जाण्याचा किंवा दोन वेगळ्या चकमकी एक समजल्या जाण्याचा संभव असतो.

२) विमान व वैमानिक यांची ओळख : 'एक हंटर पडले' हे विधान तपासता येत नाही, अमुक क्रमांकाचे, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक वैमानिकाचे हंटर पडले, हे विधान तपासता येते. प्रत्येक लष्करी विमानाला स्वतंत्र क्रमांक असतो. तो क्रमांक नंतरच्या तारखेच्या नोंदीत किंवा छायाचित्रात आढळला, तर ते विमान त्या दिवशी नष्ट झाले नव्हते, हे निर्विवाद ठरते.

३) समकालीन नोंदींना अग्रक्रम : स्क्वाड्रनची कार्यनोंद आणि वैमानिकाची उड्डाण नोंदवही ही साधने घटनेच्या लगत लिहिली जातात. आत्मचरित्रे, स्मरणिका आणि वर्धापनदिनाचे लेख ही पुढील काळातील साधने होत. ती रंग भरतात. पण तारीख, वेळ व संख्या यांसाठी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे असते. पदकाच्या मानपत्रात त्या वेळी ज्ञात असलेली माहिती असते, हेही विसरता कामा नये.

४) प्रतिपक्षाच्या हानीशी मेळ : आपला दावा आणि प्रतिपक्षाची हानी यांचा मेळ बसणे हा पडताळणीचा गाभा होय. ६ सप्टेंबर १९६५ च्या हलवारा येथील चकमकीत ही पद्धत सहज लागू पडते. तीन सेबर विमाने तळावर आली. रफीकी व युनूस हे दोन पाकिस्तानी वैमानिक मारले गेले आणि सेसिल चौधरी परतले. भारताची दोन हंटर विमाने पडली आणि पिंगळे व गांधी हे दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने बचावले. म्हणून दोहोंपैकी कोणत्याही बाजूने दोनपेक्षा अधिक संख्या सांगितल्यास ती टिकत नाही.

५) भौतिक पुरावा : विमानाचे अवशेष, युद्धकैदी, छायाचित्रे आणि दफनाच्या नोंदी यांचे मोल सर्वाधिक असते. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे चार भारतीय नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांशी लढत दिली. भारताने तीन सेबर पाडल्याचे सांगितले, तर पाकिस्तानने नॅट पाडल्याचा दावा केला. चारही नॅट विमाने परतली, म्हणून पाकिस्तानी दावा निराधार ठरतो. परवेझ मेहदी कुरेशी आणि खलील अहमद हे दोन पाकिस्तानी वैमानिक भारताच्या हाती लागले, म्हणून दोन सेबर निश्चित होतात. तिसरे सेबर मात्र नुकसान सोसून ढाक्याजवळील तेजगाव तळावर परतले. पकडल्या गेलेल्यांपैकी कुरेशी पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले, ही गोष्ट या पुराव्याचे निर्विवादपण अधोरेखित करते.

६) निष्कर्षाची श्रेणी : प्रत्येक घटना 'घडली' किंवा 'घडली नाही' एवढ्या दोनच कप्प्यांत बसविण्याचा आग्रह चुकीचा आहे. सिद्ध, संभाव्य आणि असिद्ध अशा श्रेणी करून निष्कर्ष मांडल्यास लेखन सावध होते आणि नवा पुरावा आल्यास त्यात दुरुस्ती करण्यास वाव राहतो.

दप्तर, मौखिक साधने आणि महाविद्यालये

पडताळणीची इच्छा असली, तरी साधने उपलब्ध असावी लागतात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने शासकीय कागदपत्रांच्या जतनाची व हस्तांतरणाची चौकट घालून दिली असली, तरी लष्करी दप्तरे संशोधकांसाठी दीर्घकाळ फारशी खुली नव्हती. कारगिल आढावा समितीने युद्धांच्या अधिकृत इतिहासाची गरज अधोरेखित केली होती. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे व मोहिमा यांच्या कागदपत्रांचे जतन, इतिहाससंकलन व गोपनीयतामुक्ती यांविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार अभिलेख सामान्यतः पंचवीस वर्षांत गोपनीयतेतून मुक्त करावयाचे आहेत. या धोरणाची अंमलबजावणी जितकी तत्पर होईल, तितके बखरवजा लेखनाचे क्षेत्र आकुंचन पावेल.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना या कामी स्वतःची भूमिका आहे. पुणे, नाशिक आणि नागपूर परिसरात हवाई दलाची ठाणी व आस्थापना आहेत आणि सेवानिवृत्त वैमानिक, अभियंते, तंत्रज्ञ मोठ्या संख्येने स्थायिक झालेले आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सेवा बजावलेली पिढी झपाट्याने ओसरत आहे. विमान उडविणाऱ्याची आठवण जशी मोलाची, तशीच त्याचे विमान रात्रभर जागून दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाची आठवणही मोलाची असते. किंबहुना किती विमाने उडण्याजोगी होती, कोणते विमान छिद्रे घेऊन परतले, हे तोच अधिक नेमके सांगू शकतो. इतिहास विभागांनी अशा मुलाखती पद्धतशीर ध्वनिमुद्रित कराव्यात, मुलाखतीपूर्वी उपलब्ध नोंदींचा अभ्यास करावा आणि आठवण व नोंद यांत अंतर पडेल तेथे दोन्ही जतन करावे. स्मृतीतील चूक ही लपविण्याची गोष्ट नसून युद्ध कसे आठवले जाते, याचाही तो पुरावा असतो.

मराठीत युद्धविषयक लेखनाला मोठा वाचकवर्ग आहे. त्यातील बरेचसे लेखन पूर्वीच्या लेखनावर आधारलेले असते. एका लेखकाने लिहिलेला आकडा दुसऱ्याने उचलला, तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला की, तीन आधार मिळाल्याचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात मूळ आधार एकच असतो आणि तोही अनेकदा युद्धकाळातील एखादे पत्रक असते. पदव्युत्तर वर्गात एखाद्या प्रसिद्ध दाव्याचा माग काढत मूळ साधनापर्यंत जाण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना दिल्यास साधनचिकित्सेचे शिक्षण पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक परिणामकारक होईल.

निष्कर्ष

१) हवाई युद्धातील अतिशयोक्त दावे बहुधा असत्यकथनातून नव्हे, तर लढाईचा वेग, दृष्टिभ्रम, दुहेरी गणना आणि व्याख्यांची संदिग्धता यांतून निर्माण होतात.

२) कोणत्याही एका बाजूच्या साधनांवर आधारलेला हवाई युद्धाचा इतिहास अपुरा असतो. प्रतिपक्षाची हानीची नोंद हे दाव्याच्या पडताळणीचे प्रमुख साधन होय.

३) समकालीन नोंद, विमानाचा क्रमांक, प्रमाणवेळेचा मेळ आणि भौतिक पुरावा यांच्या आधारे अनेक वादग्रस्त घटनांचा समाधानकारक उलगडा होऊ शकतो, जेथे तो होत नाही, तेथे निष्कर्ष संभाव्य म्हणूनच नोंदविणे उचित ठरते.

४) पडताळणी ही राष्ट्रनिष्ठेच्या विरोधी नाही. काही विजयांचे शब्द तिने सौम्य केले, हे खरे. पण ज्या पराक्रमाला साक्षीदार उरला नव्हता, त्याला साक्षीदार मिळवून देण्याचे कामही तिनेच केले.

समारोप

स्क्वाड्रन लीडर देवय्या यांच्या नावापुढे 'बेपत्ता' हा शब्द १९६५ ते १९८८ या काळात राहिला. तो पुसला गेला तो एखाद्या गौरवलेखामुळे नव्हे, तर दोन देशांच्या नोंदी कोणीतरी शेजारी ठेवून वाचल्यामुळे. अशाच आणखी किती नोंदी एकमेकींची वाट पाहत दोन्ही बाजूंच्या दप्तरांत पडून असतील, हे त्या उघडल्याशिवाय कळणार नाही. न परतलेल्या वैमानिकाचे इतिहासकाराकडे एवढेच मागणे असू शकते की, त्याच्याविषयी जे लिहिले जाईल ते खरे असावे.